विटाळ आणि हेला पेशी

(सातारा-सांगलीच्या तरुण कार्यकर्त्यांपुढे सांगलीत केलेलं भाषण)



मी गोदीत बोजा उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. पाळी संपली की कविता लिहितो. पेशींवर बोलायला हा कोण लागून गेला, असं इथल्या एखाद्या बीएस्सीवाल्याला वाटत असेल. वाटू दे. पेशी माझ्याही अंगात आहेत आणि त्यांनी माझं सर्टिफिकेट कधी मागितलेलं नाही.

एका बाईचं नाव सांगतो. हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली काळी बाई, जन्म १९२०. तिचे पूर्वज गुलाम, ती तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली. निपाणीच्या वखारीत नाकाला पदर लावून तंबाखू कुटणाऱ्या बाया तुम्ही बघितल्यात ना, त्यांच्यातलीच एक समजा. पाच लेकरांची आई. १९५१ साली पोटात गाठ लागते म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात गेली. तिथं काळ्यांचा वॉर्ड वेगळा. दवाखान्याच्या आतही गावकुस असतं. कॅन्सर निघाला, गर्भाशयाच्या तोंडाचा. उपचार करता करता डॉक्टरनं गाठीचा तुकडा काढला आणि तो डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. (आडनावच तसं आहे, हसू नका.) तिला कुणी विचारलं नाही. ४ ऑक्टोबर १९५१ ला ती मेली. वय ३१.

ती मेली, तुकडा मेला नाही. माणसाची साधी पेशी बाटलीत वाढवली तर चाळीस-पन्नास वेळा दुभंगते आणि थांबते. प्रत्येक वेळी आतल्या धाग्यांची टोकं झिजतात, चपलेची टाच झिजावी तशी. हेन्रिएटाच्या कॅन्सरच्या पेशी ती टोकं पुन्हा बांधून घेतात. म्हणून त्या थांबत नाहीत. दिवसाला साधारण दुप्पट होतात. अशी जगातली ही पहिली मानवी पेशीमालिका. तिच्या नावाची आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून तिला म्हणतात हेला.

वाढवतात कशा? चपटी बाटली, गुलाबी पाणी, त्यात साखर, क्षार आणि गाईच्या पोटातल्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं सीरम. ३७ अंशाची ऊब. बाटली भरली की पेशी सोडवायच्या आणि दुसऱ्या बाटल्यांत वाटायच्या. उरलेल्या उणे १९६ अंशाच्या नायट्रोजनमध्ये गोठवायच्या, वर्षांनी काढल्या तरी जिवंत. त्या वासराच्या रक्ताशिवाय निम्मं जीवशास्त्र बंद पडेल. गाईवरून आमची डोकी फोडणाऱ्यांना कुणीतरी हे एकदा सांगा.

साल्कची पोलिओची लस तपासायला या पेशी ढिगानं लागल्या. १९५३ मध्ये त्यांचा कारखानाच निघाला, टस्किगीला. राबणारे शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ काळे. आणि त्याच टस्किगीत १९३२ पासून १९७२ पर्यंत गरमी झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना औषध न देता सरकारी डॉक्टर नुसते बघत बसले होते, रोग कुठवर जातो ते. एकाच गावात दोन्ही.

आता खरी गंमत ऐका. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर नावाच्या माणसानं वेगवेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या पेशीमालिका तपासल्या. एक आतड्याची, एक रक्ताची, काही गोऱ्या रोग्यांच्या. त्यात कितीतरी ठिकाणी एका एन्झाइमचं असं रूप सापडलं, जे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या माणसांत असतं. म्हणजे सगळीकडे हेन्रिएटाच! एका ड्रॉपरमधून, एका थेंबातून ती दुसऱ्या बाटलीत शिरली आणि तिथल्या पेशींना मागं टाकून वाढली. प्रयोगशाळा याला काँटॅमिनेशन म्हणते. आपल्याकडं याला फार जुना शब्द आहे, विटाळ. जिला गोऱ्यांच्या खाटेशेजारी खाट मिळाली नाही, ती त्यांच्या संशोधनात जाऊन बसली, आणि वर्षानुवर्षं साहेब लोक तिच्यावरच प्रयोग करत होते, नाव दुसऱ्याचं लावून. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आपल्याकडं ही विद्या आली तीही त्याच दारातून. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला याच गाय यांच्याकडं पेशी वाढवायला शिकल्या आणि १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. मोठं काम. आज पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या पेशीभांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. हेलासुद्धा.

आणि त्या पेशींवर काय घालतात? तुमच्या सांगलीची हळदसुद्धा. २०१८ ला जिला भौगोलिक मानांकन मिळालं तीच. हळदीतला कर्क्युमिन हेलावर टाकायचा, मग एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याला जांभळा करते, मेलेली करत नाही. जांभळा कमी दिसला की पेपर छापायचा, हळदीनं कॅन्सर मरतो. बाटलीत मरतो बाबांनो! बाटलीत फिनेलनंही मरतो. कुणी घरच्या बाईची केमो थांबवून हळदीचं पाणी पाजायला लागला तर त्याचा हात धरा.

हेन्रिएटाच्या घरच्यांना या सगळ्याचा पत्ता लागला १९७३ साली. जग तिच्या पेशी विकत होतं आणि तिच्या पोरांना डॉक्टरचा खर्च झेपत नव्हता. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला २०१० मध्ये. थर्मो फिशर या बड्या कंपनीनं घरच्यांशी तडजोड केली २०२३ मध्ये, बहात्तर वर्षांनी.

मी विज्ञानाच्या विरुद्ध बोलायला आलेलो नाही. हेलात एचपीव्ही १८ हा विषाणू आहे. तोच आणि त्याचे भाऊबंद गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतात हे हॅराल्ड त्सूर हाउझेननं शोधलं, २००८ चं नोबेल घेतलं. त्यावरची पुण्यात बनलेली लस २०२३ मध्ये बाजारात आली. आपल्या पोरींना ती मिळालीच पाहिजे. माझ्या मावशीला हाच कॅन्सर होता. एका मोठ्या दवाखान्यात तिच्यापुढं इंग्रजी कागद सरकवला, शाईचं पॅड सरकवलं, आणि नर्स म्हणाली, "मावशी, इथं अंगठा." कागदात काय होतं ते अजून आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. तुकडा कुठं गेला, तेही नाही.

आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. संशोधनासाठी संमती घ्यायची तर माणसाला कळणाऱ्या भाषेत. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हजर पाहिजे. नमुना साठवणार, पुढं वापरणार, त्यातून पैसा निघणार, तर तेही सांगायचं. कागदावर सगळं आहे, आमच्या बायांपुढं वाचून दाखवणारा कुणी नाही.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. साताऱ्यात, कराडात, सांगलीत दवाखाने आहेत, फार्मसीची कॉलेजं आहेत, तुमच्यातले कितीतरी तिथं शिकतात, वॉर्डबॉय आहेत, लॅबमध्ये बाटल्या धुतात. एक करा. तिथं रोग्यांकडून ज्यावर अंगठा घेतात त्या संमतीपत्राचा कोरा नमुना रीतसर मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, जिथं सरकारी दवाखाना असेल तिथं. मराठीत आहे की नाही, उरलेल्या तुकड्याचं काय करणार ते लिहिलंय की नाही, बघा. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या. मी रजा टाकून येतो, एकेक ओळ मोठ्यानं वाचू, बायांना समोर बसवून.