क्बाल स्पियन : नदीपात्रातील शिवलिंगे

कंबोडियातील अंगकोर या प्राचीन ख्मेर राजधानीच्या ईशान्येस, कुलेन डोंगररांगेच्या परिसरात क्बाल स्पियन हे स्थळ असून, सियाम रीप शहरातून सकाळी निघालेल्या प्रवाशाला ते पाहून संध्याकाळपर्यंत परतता येते. मोटाररस्ता संपल्यावर जंगलातून सुमारे दीड किलोमीटर पायी चढून गेले की नदीच्या पात्रातच, वालुकाश्मावर, म्हणजे वाळूचे थर घट्ट होऊन बनलेल्या खडकावर, ओळीने कोरलेली शेकडो शिवलिंगे दिसतात.

मुख्यत्वे अकराव्या शतकात, पहिला सूर्यवर्मन आणि दुसरा उदयादित्यवर्मन या राजांच्या काळात घडलेल्या या शिल्पसमूहात शेषशायी विष्णू, म्हणजे अनंतनागावर पहुडलेला विष्णू, त्याच्या पायांशी लक्ष्मी आणि नाभीतून उमललेल्या कमळावर ब्रह्मदेव असे दृश्य एकाहून अधिक ठिकाणी आढळते. देवळातील पिंडीवर धरलेल्या अभिषेकधारेप्रमाणे येथे संपूर्ण नदीच लिंगांवरून वाहते आणि ते पवित्र झालेले जल पुढे अंगकोरच्या मैदानाला मिळते, अशी या रचनेमागील श्रद्धा मानली जाते.

1960च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच अभ्यासक झाँ बुल्बे यांनी हे स्थळ जगासमोर आणले. परंतु त्यानंतरच्या यादवी युद्धामुळे ते दीर्घकाळ दुर्गम राहिले. भर पावसाळ्यात बरीच शिल्पे पाण्याखाली जात असल्याने पाऊस ओसरल्यानंतरचा काळ भेटीस उत्तम होय. शिल्पचोरीचे घाव सोसलेल्या या ठेव्यावर पाऊल न ठेवता, आखलेल्या वाटेवरूनच त्याचे दर्शन घेणे हे प्रत्येक प्रवाशाचे कर्तव्य आहे.