पान, गुटिका आणि वस्त्र



१९८८ च्या ऑक्टोबर महिन्यात जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ हा व्हिडिओ गेम विक्रीस आला. त्याचा नायक मारिओ हा ठेंगणा, मिशाळ आणि व्यवसायाने प्लंबर. खेळात एके ठिकाणी तो एका ठोकळ्याला धडक देतो. त्यातून एक पान बाहेर पडते आणि हेलकावे खात खाली येते. पानाचा स्पर्श होताच मारिओला प्राण्याचे कान फुटतात, मागे शेपूट येते, आणि पुरेसे धावून वेग घेतला की तो चक्क उडू लागतो. हे पान आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. पान क्षुल्लक दिसते. परंतु लोककथा, यंत्रविद्या आणि भाषांतर या तिघींची गाठ त्यात पडलेली आहे, आणि त्या गाठीचा एक पदर या बंगळूर शहरापर्यंत येऊन पोहोचतो.

खेळाडूचे रूप आणि सामर्थ्य बदलणारी वस्तू मारिओच्या खेळांत प्रथम रूढ झाली ती १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात. शिगेरू मियामोतो हे त्याचे प्रमुख रचनाकार. तेथे अळंबे मिळाले की मारिओ दुप्पट उंच होतो आणि फूल मिळाले की त्याच्या हातून अग्निगोल सुटू लागतात. यातील एक नियम मोठा मार्मिक आहे. एकाच ठोकळ्यातून लहान मारिओला अळंबे मिळते आणि आधीच मोठा झालेल्या मारिओला फूल. म्हणजे वस्तू पात्र पाहून दान देते. शिवाय हे दान कायमचे नसते. शत्रूचा एक धक्का लागला की मिळालेले रूप जाते आणि मूळचा लहान मारिओ उरतो. मोठे होणे हे येथे उसने असते. लहान असणे तेवढे स्वतःचे.

हे रूपांतर पडद्यावर साधते कसे, हेही पाहण्याजोगे आहे. १९८५ चा तो संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला होता. एवढ्याशा जागेत प्रत्येक रूपासाठी नवे चित्र काढणे परवडणारे नव्हते. म्हणून रचनाकारांनी काटकसरीचा मार्ग काढला. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही एकच आकृती आहे. फक्त रंग निराळे. अग्निगोल फेकणारा मारिओ हाही मोठ्या मारिओचेच चित्र असून त्याचे कपडे तेवढे वेगळ्या रंगांनी भरलेले आहेत. लहान मारिओ मोठा होतो तेव्हा मात्र एक चित्र काढून त्या जागी दुसरे ठेवले जाते. कर्नाटकातील लोकांना ही रीत अपरिचित वाटू नये. येथील चित्रकला परिषतीच्या संग्रहात चामड्याच्या बाहुल्या आहेत. ‘तोगलु गोंबेयाट’ या खेळात एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांसाठी निरनिराळ्या बाहुल्या असतात. प्रसंग पालटला की सूत्रधार पडद्याआडून एक बाहुली काढून घेतो आणि दुसरी लावतो. प्रेक्षकाला वाटते की पात्रच पालटले. विजेचा पडदा आणि दिव्याचा पडदा यांत या बाबतीत फारसे अंतर नाही.

आता पुन्हा पानाकडे वळू. पान लागल्याने शेपूट का यावी? जपानी मुलाला हा प्रश्न पडत नाही. जपानमध्ये ‘तानुकी’ नावाचा श्वानकुळातील एक रानटी प्राणी आहे. तो डोक्यावर पान ठेवून हवे ते रूप घेतो आणि माणसांना चकवितो, अशा कथा तेथे घरोघरी सांगितल्या जातात. खेळातील पान त्या कथांमधून आलेले आहे. याच खेळात तानुकीचा संपूर्ण पोशाखही मिळतो. तो अंगावर असताना मारिओ काही क्षण दगडी मूर्ती होऊन शत्रूपासून बचाव करू शकतो. ही मूर्ती जिझोची. जिझो म्हणजे जपानमध्ये वाटेवाटेवर उभा असलेला, प्रवाशांचा आणि लहान मुलांचा रक्षणकर्ता. त्याचे मूळ संस्कृत नाव क्षितिगर्भ. भारतातून निघालेला हा बोधिसत्त्व चीनमार्गे जपानला गेला आणि तेथे एका प्लंबरच्या मदतीला उभा राहिला.

हा खेळ इंग्रजीत गेला तेव्हा काय झाले, हे भाषांतराच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील मुलांना तानुकी ठाऊक नव्हता. पोशाखाला त्याचे नाव राहिले. परंतु पान लागलेल्या मारिओला मात्र रॅकूनचे नाव मिळाले. रॅकून हा अमेरिकेतील निराळ्याच कुळातील प्राणी. नाव बदलले आणि पानाचे कारण हरवले. कारण रॅकून पान डोक्यावर ठेवून रूप पालटतो, अशी समजूत तेथे नाही. बदल नावापुरताच राहिला नाही. मूळ जपानी खेळात शेपटीवाल्या मारिओला धक्का लागला की तो एकदम लहान होत असे. अमेरिकन आवृत्तीत तो आधी नुसता मोठा मारिओ होतो आणि पुढच्या धक्क्याला लहान. भाषांतरात शब्दाबरोबर शिक्षाही सौम्य झाली.

भारतीय घरांत मारिओ शिरला तो प्रामुख्याने १९९० नंतरच्या दशकात, आणि बहुतांशी मूळ जपानी यंत्राच्या स्वस्त नकलांमधून. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे. प्रत्यक्षात तेच थोडे खेळ पुनःपुन्हा येत. बंगळूरच्या कन्नड, तमिळ, मराठी, उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुलांनी पान झेलले आणि आकाशात उड्डाण केले. परंतु तानुकीची कथा त्यांच्यापर्यंत आली नाही. दगडाची मूर्ती आपल्याच क्षितिगर्भाची आहे, हेही त्यांना कोणी सांगितले नाही. सोंग आले, सोंगामागची गोष्ट वाटेत राहिली.

वस्तुतः अशा वस्तूंची आपल्याकडे वाण नाही. वनपर्वातील नलकथा पाहावी. द्यूतात सर्वस्व गमावलेला नल वणव्यातून कर्कोटक नागाची सुटका करतो. नाग त्याला डसतो आणि नल कुरूप होतो. हा अपकार नसून उपकार असतो. कारण त्या रूपात त्याला कोणी ओळखणार नाही आणि त्याच्या शरीरात शिरलेल्या कलीला विषाचा दाह सोसावा लागेल. पुढे स्वतःचे रूप हवेसे वाटेल तेव्हा नेसावे म्हणून कर्कोटक त्याला वस्त्रांची जोडी देतो. वेताळाच्या कथांमध्ये मूलदेव एका तरुणाला गुटिका देतो. ती तोंडात धरली की तो स्त्री होतो, काढली की पुरुष. खेळातील वस्तूला जे जे लागते ते सारे येथे आहे: देणारा आहे, वापरण्याची रीत आहे, पूर्ववत होण्याची सोय आहे.

तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. मारिओच्या खेळात मोठे होणे हे बहुतेक वेळा चांगलेच असते; क्वचित एखाद्या अरुंद फटीतून केवळ लहान मारिओ सहज निघून जातो, तेवढाच अपवाद. नलाच्या कथेत हा अपवाद हाच नियम होतो. तेथे क्षुद्र रूप हेच संरक्षण असते आणि वस्त्र केव्हा नेसावयाचे नाही, हे कळणे हीच परीक्षा असते. मूलदेवाच्या गुटिकेने तर एवढा गुंता होतो की राजकन्या न्यायतः कोणाची पत्नी, असा प्रश्न वेताळाला राजापुढे टाकावा लागतो. आपल्या कथांत रूप बदलले की उत्तरदायित्वही बदलते.

हे सारे बंगळूरमध्ये सांगण्यास कारण आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये येथे ‘ध्रुव इंटरअॅक्टिव्ह’ ही संस्था स्थापन केली. भारतातील व्हिडिओ गेम-निर्मितीच्या आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते. परदेशी खेळांसाठी वाहने, पात्रे, स्थळे यांची चित्रे घडविण्यात तिने नाव मिळविले. २०१७ मध्ये ती एका स्वीडिश कंपनीकडे आणि २०१९ मध्ये एका अमेरिकन कंपनीकडे गेली. या शहरातील कारागिरांच्या कौशल्याविषयी शंका घेण्यास जागाच नाही. परंतु अशा कामात पोशाख येथे शिवला जातो आणि तो का घालावयाचा हे अन्यत्र ठरते. हात आपला आणि गोष्ट परक्याची, ही स्थिती भाषांतरकाराला चांगली परिचित आहे. ती हीन नव्हे. पण तिच्यावरच समाधान मानणे हितावह नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एका मुलीला दुर्गेकडून त्रिशूळ आणि विष्णूकडून धनुष्य प्राप्त होते. दान देणारा आणि दानाचे कारण, दोन्ही येथल्याच मातीतील असू शकतात, याचे हे उदाहरण होय.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी मराठीत म्हण आहे. अलीकडच्या अनेक खेळांत पोशाख पैसे देऊन विकत घेतले जातात. ते घातल्याने सामर्थ्य वाढत नाही, धक्का लागल्याने ते जातही नाहीत. जे मिळवावे लागत नाही आणि गमावताही येत नाही, ते रूपांतर नव्हे. तो रंग होय. मुलांच्या हाती जे द्यावयाचे ते नलाचे वस्त्र असावे की नुसते रंगीत कापड, याचा निर्णय यंत्र करणार नाही. ज्यांना यंत्र चालविता येते आणि आपल्या गोष्टीही ठाऊक आहेत, अशा माणसांनाच तो करावा लागेल; आणि अशी माणसे या शहरात निश्चितच आहेत.