अडखळणारे, पण ऐकणारे गेम



आज बोलायचंय कॉम्प्युटरवरच्या रोल-प्लेइंग गेमबद्दल, म्हणजे आपण ज्यांना आरपीजी म्हणतो त्यांच्याबद्दल. त्यातही जे बदनाम आहेत त्यांच्याबद्दल: मधेच बंद पडणारे, मारामारी कंटाळवाणी असणारे, शेवट कसाबसा गुंडाळलेले. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. मला सगळ्यात जास्त आनंद ज्या आरपीजींनी दिला, त्यांतले बरेचसे असेच आहेत. हा योगायोग नाही, त्याला कारण आहे. आणि ते कारण कळलं की कुठला बिघडलेला गेम सोसायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हेही ठरवता येतं.

आधी कारण बघू. आरपीजीत तुम्ही एक माणूस घडवता. त्याला ताकद द्यायची की बुद्धी, बोलण्यात तरबेज करायचं की कुलपं उघडण्यात, हे तुम्ही ठरवता. आणि गेम तुम्हाला शब्द देतो की तुम्ही जे ठरवाल त्याची दखल घेतली जाईल. हा शब्द पाळणं महाग असतं. साध्या गोळीबाराच्या गेममध्ये दार म्हणजे दार. आरपीजीत तेच दार तोडता यायला हवं, कुलूप काढता यायला हवं, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवता यायला हवं, किल्ली चोरता यायला हवी. प्रत्येक वाट कुणीतरी लिहायची, कुणीतरी तपासायची. शिवाय पहारेकरी तुम्ही दोन तासांपूर्वीच मारून टाकला असेल तर काय, हेही कुणीतरी आधी विचारात घ्यायचं. म्हणजे गेम तुमचं जितकं जास्त ऐकतो, तितक्या जास्त जागी तो मोडू शकतो.

आता उदाहरण. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ट्रॉयका नावाचा एक स्टुडिओ होता. १९९७ साली आलेल्या पहिल्या ‘फॉलआउट’वर काम केलेल्या टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी तो १९९८ मध्ये काढला. त्यांनी तीनच गेम केले, आणि तिन्ही बाजारात आले तेव्हा बग्जनी भरलेले होते. त्यातला शेवटचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’. तो १६ नोव्हेंबर २००४ ला आला. त्याच दिवशी ‘हाफ-लाइफ २’ आला. ब्लडलाइन्स ‘हाफ-लाइफ २’च्याच सोर्स इंजिनवर बनलेला होता, आणि लोकांनी कुठला विकत घेतला हे सांगायला नको. पुढच्याच फेब्रुवारीत ट्रॉयका बंद पडला.

पॅच न घातलेल्या मूळ ब्लडलाइन्समध्ये एक जागा अशी होती की तिथून होडीने बाहेर पडायच्या वेळी गेमच बंद पडायचा. इतका मोठा दोष! मग तरीही वीस वर्षांनी लोक तो का खेळतात?

कारण तो ऐकतो. सुरुवातीला सात कुळांपैकी एक निवडायचं असतं. तुम्ही नोसफेराटू निवडलंत तर तुमचा चेहरा इतका विद्रूप की माणसांना दिसणंच गुन्हा. पिशाच्चांनी आपलं अस्तित्व लपवायचं हा त्या जगाचा कायदा, आणि पाच वेळा तो मोडला की खेळ संपला. मग तुम्ही रस्त्याने चालत नाही, गटारांतून जाता. लॉस एंजेलिस तेच, पण तुमच्यासाठी त्याचा नकाशाच बदलतो. मल्केव्हियन निवडलंत तर तुम्ही वेडे. मग तुमच्या तोंडची सगळी वाक्यं वेगळी लिहिलेली आहेत. त्या बरळण्यात पुढच्या कथेचे इशारे दडलेले असतात, आणि रस्त्यावरच्या थांबा लिहिलेल्या पाटीशीही तुमचं भांडण होऊ शकतं. एका निवडीसाठी नायकाचे सगळे संवाद पुन्हा लिहायचे, हे हिशोबी माणूस करणार नाही. ट्रॉयकाने केलं.

याच लोकांचा २००१ चा ‘आर्केनम’ घ्या. वाफेची इंजिनं आणि जादू एकाच जगात आहेत, आणि दोघांचं आपसात जमत नाही. तुम्ही मोठे जादूगार झालात तर तुम्हाला रेल्वेत घेत नाहीत, कारण तुमच्या नुसत्या असण्याने इंजिन बिघडायचं. तुम्ही पक्के यंत्रवाले झालात तर बरं करणारी जादू तुमच्यावर नीट चालत नाही. अगदी कमी बुद्धीचा माणूस घडवलात तर त्याचं बोलणंही तसंच लिहिलेलं आहे, आणि लोक त्याच्याशी तसंच वागतात. तुम्ही गाजवलेल्या गोष्टी तिथल्या वर्तमानपत्रात छापून येतात. मारामारी मात्र अगदीच ढिसाळ. ‘हार्म’ नावाचा एक सुरुवातीचा मंत्र शिकला की अर्धं जग आडवं होतं, आणि दुसरीकडे खाणीतला एक टप्पा संपता संपत नाही.

इथे मला एक फरक करायचाय. दोष दोन प्रकारचे असतात. एक हातापायांचे आणि दुसरे कानांचे. गेम बंद पडतो, कॅमेरा अडकतो, कीबोर्डची रचना विचित्र आहे, मारामारी रटाळ आहे, हे हातापायांचे दोष. ते त्रास देतात, पण त्यातले बरेचसे पुढे दुरुस्त होतात किंवा अंगवळणी पडतात. कानाचा दोष म्हणजे तुम्ही काय केलंत याची गेमला फिकीरच नाही. हा दोष कुठल्याही पॅचने भरून निघत नाही.

आणि आवडत्या गेमलाही हीच कसोटी लावायची. होडीवाला दोष मी ब्लडलाइन्सला माफ करते. पण हॉलीवूडच्या गटारांतला तो लांबलचक टप्पा करत नाही. तोवर तुम्ही बोलून, लपून, फसवून मार्ग काढलेला असतो. तिथे मात्र फक्त मारत सुटायचं. शेवटाकडे पुन्हा तेच. बोलण्यात घातलेले सगळे गुण वाया. तिथे गेमने ऐकणं बंद केलं, म्हणून तो त्याचा खरा दोष.

याच्या उलट जर्मनीच्या पिरान्हा बाइट्सचा २००१ चा ‘गॉथिक’. त्याचे कंट्रोल म्हणजे शिक्षाच. जमिनीवरची वस्तू उचलायला दोन कळा एकदम दाबायच्या! पण त्या तुरुंगाच्या खोऱ्यात तुम्ही कुणीही नाही, आणि ते तुम्हाला पदोपदी जाणवतं. कुणीही तुम्हाला लोळवून खिशातलं काढून घेतो. नवशिका असताना तुमचा नायक तलवार दोन्ही हातांनी लाकूडतोड्यासारखी धरतो. गुरूकडे शिकलात की त्याची पकड बदलते, उभं राहणं बदलतं. नुसता आकडा वाढत नाही, माणूस बदललेला डोळ्यांनी दिसतो. चार तासांनी हात कंट्रोलला सरावतात. तो अनुभव मात्र इतर ठिकाणी शोधून सापडत नाही.

तिसरं उदाहरण ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’, ऑब्सिडियन स्टुडिओचा. २००४ च्या डिसेंबरमध्ये घाईघाईने बाजारात आलेला, आणि शेवटाकडे अक्षरशः तुटलेला. पात्रांच्या गोष्टी मधेच थांबतात. एक अख्खा ग्रह कापून टाकलेला. पण त्यात क्रेया नावाची एक म्हातारी गुरू आहे. एका ठिकाणी भिकारी पैसे मागतो. दिलेत, तर दुसरा कुणीतरी त्यालाच मारून ते लुटतो. नाही दिलेत, तर तो वैतागून दुसऱ्याच कुणाला तरी मारतो. आणि क्रेया दोन्ही वेळा तुम्हाला खडसावते. आरपीजीत चांगलं वागलं की गुण मिळतात ही आपली सवय. ती इथे मोडते. चांगुलपणाचा परिणाम काय झाला, हे न बघता पुढे जाता येत नाही. गुळगुळीत, निर्दोष अशा किती गेमनी आपल्याला इतकं अडचणीत टाकलंय, आठवून बघा.

आता यात पणाला काय लागलंय? ऑब्सिडियनचाच २०१० चा ‘फॉलआउट: न्यू वेगास’. सुमारे दीड वर्षात बनवलेला. आला तेव्हा खूप बग्ज होते, आणि परीक्षकांनी गुण कापले. पुढे २०१२ मध्ये त्या स्टुडिओच्या ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी जाहीरपणे सांगितलं की मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तर बोनस असा करार होता. मिळाले ८४. आज अनेकजण तो गेम उत्तम आरपीजींत धरतात, पण तेव्हा एका गुणाने बनवणाऱ्यांचे पैसे गेले. पहिल्या आठवड्यातले गुण हातापायांचे दोष लगेच पकडतात. कान किती तयार आहेत हे कळायला तो गेम दोनदा, दोन वेगळी माणसं घडवून खेळावा लागतो. तेवढा वेळ परीक्षकाला नसतो. मग धडा काय मिळतो? कमी वाटा ठेवा, कमी ऐका, गुळगुळीत करा. असेच गेम आपल्याला मिळत राहिले, तर तक्रार कुणाकडे करायची?

याचा अर्थ अर्धवट माल विकायचा परवाना द्यावा असा नाही. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढला. लोकांनी पैसे परत मागितले ते योग्यच होतं. मात्र त्या कंपनीकडे पुढची काही वर्षं दुरुस्ती करत राहण्याइतका पैसा होता, म्हणून तो गेम सावरला. ट्रॉयकाकडे तो नव्हता. मोठ्याला दुसरी संधी मिळते, लहान स्टुडिओ बंद पडतो.

मग ट्रॉयकाचा गेम कोणी सावरला? खेळणाऱ्यांनी. जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने ब्लडलाइन्सचे अनधिकृत पॅच वर्षानुवर्षं फुकट काढले. जीओजीवर मिळणाऱ्या प्रतीत तो पॅच आधीच घातलेला असतो. नाइट्स २ मधले कापलेले प्रसंग चाहत्यांनी डिस्कवर उरलेल्या फाइलींमधून शोधून परत जोडले. पण सगळं चाहत्यांच्या हातात नसतं. ‘अल्फा प्रोटोकॉल’ हा २०१० चा हेरगिरीचा आरपीजी. बंदूक नेम धरूनही चुकणारी, पण कोणत्या शहरात आधी गेलात, कुणाला सोडून दिलंत, हे सगळं लक्षात ठेवणारा. २०१९ मध्ये त्यातल्या संगीताचे हक्क संपले म्हणून तो विक्रीतूनच गायब झाला. २०२४ मध्ये जीओजीवर परत आला. मधली पाच वर्षं नव्या माणसाला तो विकत घ्यायची सरळ सोय नव्हती. असे गेम विकत घेऊन, खेळून, त्यांच्याबद्दल बोलत राहिलं, तरच त्यांना परत आणावंसं कुणाला वाटतं.

आता खेळायचं कसं, ते थोडक्यात.

पहिलं, आधी पॅच शोधा, मग खेळ सुरू करा. दुसरं, एकाच सेव्हवर कधी विसंबू नका, वेगवेगळ्या नावांनी पाच-सहा ठेवा. तिसरं, सगळ्यात थोडं थोडं येणारा नायक करू नका. एका टोकाचा माणूस घडवा: नुसता बोलका, नुसता चोर, नुसता मठ्ठ. गेम ऐकतो की नाही हे तेव्हाच कळतं. चौथं, मारामारी रटाळ असेल तर खुशाल सोपी पातळी लावा. तुम्ही त्यासाठी आलेलाच नाहीत. आणि पाचवं, चार तास द्या. चार तासांत तुमच्या एकाही निर्णयाची दखल घेतली गेली नसेल, तर गेम कितीही देखणा असला तरी बंद करा.

आपल्याकडे याची एक सोयही आहे. हे जुने गेम ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर चालतात, त्यांना महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि सेलमध्ये ते फार स्वस्त पडतात. अडचण भाषेची. हे गेम मराठीत नाहीत, हिंदीतही नाहीत, आणि मजकूर भरपूर. १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’मध्ये तर कादंबऱ्यांइतकं वाचायला आहे, तेही वेगळ्याच बोलीतल्या इंग्रजीत. पण तिथे बरेचसे संवाद फक्त लिहिलेले आहेत, त्यामुळे आपल्या गतीने वाचता येतात. त्याची २०१७ ची सुधारित आवृत्ती मोबाइलवरही आहे. बुद्धी आणि शहाणपण यांत जास्त गुण घाला, शरीर विसरा. मारामारी वाईटच आहे, आणि त्याने काही बिघडत नाही.

कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी ब्लडलाइन्स सांगेन. पहिल्यांदा साधं कुळ घ्या, दुसऱ्यांदा मल्केव्हियन. मग कमेंटमध्ये लिहा, तुमचं त्या पाटीशी भांडण झालं का, आणि कोण जिंकलं.