दात उपटण्यापूर्वी



दाढ ठणकू लागली की माणसाला काही सुचत नाही. दिवस कामाच्या नादात कसाबसा निघतो. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका वाढतो. मग कोणी लवंग धरायला सांगतो, कोणी मिश्री दाबायला लावतो, कोणी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतो. एवढ्यानेही भागले नाही, की घरातली पक्कड बाहेर येते. 'एकदाची उपटून टाकू, म्हणजे कटकट गेली!' आज बोलायचे आहे ते या 'एकदाची'विषयी.

ऐन पेरणीच्या दिवसांत एका शेतकरीदादांनी खालची दाढ अशीच घरी ओढली. तालुक्याला जावे तर दिवस मोडतो, हा त्यांचा हिशेब. ओढताना कट्‌कन आवाज झाला. हातात आला तो दाढेचा वरचा तुकडा. मुळे आत तशीच राहिली. ठणका थोडा कमी झाला, तेव्हा त्यांना वाटले, जमले! तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली सूज आली, लाकडासारखी कडक. जीभ वर उचलली गेली, लाळ गिळवेना, श्वास कोंडू लागला. घरच्यांनी रातोरात जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तेथे गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढला, म्हणून दादा वाचले. पुढे उरलेली मुळे काढायला ते माझ्याकडे आले, तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दाढेनं कुठं माणूस मरतं का, असंच वाटत होतं बघा."

तर मंडळी, मरतो. जर्मनीतील डॉक्टर लुडविग यांनी या सुजेचे वर्णन १८३६ साली लिहून ठेवले आहे. पुष्कळदा तिचे मूळ खालच्या किडलेल्या दाढेत असते. दाढेतला पू जबड्याच्या आतून जिभेखाली आणि गळ्यात उतरतो, आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते.

दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. तोंडात दिसतो त्याहून त्याचा मोठा भाग जबड्याच्या हाडात असतो. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे, वरच्या दाढेला तीन. आणि ती सरळ असतातच असे नाही. बाभळीचा बुंधा नुसता ओढून निघत नाही, तसेच हे. शिवाय किडलेला दात ठिसूळ झालेला असतो. पक्कड लावली की तो मोडतो. कधी शेजारचा चांगला दात हलतो, कधी हाडाचा कपचा निघतो. वरच्या दाढांच्या मुळांजवळ गालाच्या हाडातली पोकळी असते. तिला भोक पडले तर प्यालेले पाणी नाकातून येते.

आणि रक्ताचे काय? दात निघाल्यावर खोबणीत रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचे झाकण. परंतु हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रक्त लवकर थांबत नाही. अशा गोळ्या आपल्या मनाने बंदही करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचे. मधुमेह असेल तर जखम चिघळते. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप बिघडली असेल, तर तोंडातले जंतू रक्तावाटे तिथवर जाऊन बसतात. दंतवैद्य आधी हेच विचारतात. पकडीला काय विचारता येणार?

आता एक गोष्ट तंबाखू खाणाऱ्यांनी नीट ऐकावी. चांगल्या वयात एखादाच दात विनाकारण हलू लागला, शेजारी न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर तो दात काही सांगतो आहे. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. दात उपटून टाकला तर सांगणारा गेला. रोग मागे राहिला, आणि हातचे दिवस वाया गेले.

गुरुजींना आणि बाईंना एक विशेष विनंती आहे. मुलांचे दुधाचे दात वीस. ते आपोआप हलतात, आणि जिभेने ढकलता ढकलता पडतात. दाराच्या कडीला दोरा बांधून ओढायचे काही कारण नाही. मुलाने दात कौलावर टाकावा आणि हसावे! पण सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून आईबाप तिलाही दुधाची समजतात. ती पक्की असते, आणि जन्मभर पुरायची असते. तिला कीड लागली तर उपटायला नव्हे, भरून घ्यायला पाठवा.

मग ठणका उठला तर रात्र कशी काढायची? कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन किडीच्या खड्ड्यात ठेवा. पॅरासिटामॉलची गोळी योग्य मात्रेत गिळा. गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, कातडी भाजते. सकाळ होताच निघा. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतात, पुष्कळ ग्रामीण रुग्णालयांतही भेटतात. इंजेक्शनची भीती नको. दाढ बधिर करणारे लिग्नोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये निघाले. तेव्हापासून दात काढणे पूर्वीसारखे उरलेले नाही. कित्येकदा दात काढावाही लागत नाही, मुळाची नळी साफ करून वाचवता येतो.

आणि कोणी घरी दात ओढून बसलाच असेल, तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी अर्धा तास घट्ट चावून धरा. दिवसभर चूळ, थुंकणे आणि तंबाखू वर्ज्य. रक्त थांबेना, गळ्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाला फोन करून तडक मोठे रुग्णालय गाठा.

पेरणीचा एक दिवस मोडतो, हे मलाही कळते. पण त्या दादांचा एक दिवस वाचवताना पंधरवडा गेला, आणि जीव थोडक्यात राहिला. तेव्हा पक्कड खिळ्यांसाठी राहू द्या.