एक ओळ सरकली तर…



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण वर्गातल्या आपण सगळ्याजणी आता चाळिशीपार आहोत, म्हणून आज अंडाशयाच्या कर्करोगाबद्दल बोलते.

प्रत्येक जनुक पेशीत किती जोमानं काम करतंय, हे मोजता येतं. गाठीच्या तुकड्यातून हजारो जनुकांचे असे आकडे मिळतात. त्यावरून रुग्ण किती जगेल, हे सांगता येईल का? अडचण अशी की जनुकं हजारो आणि रुग्ण शेकडो. मग निव्वळ योगायोगानंही काही जनुकं जुळतातच. म्हणून एका गटावर बसवलेलं सूत्र दुसऱ्या गटावर तपासावं लागतं. अमेरिकेतल्या 'कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस' प्रकल्पानं 489 गाठी अभ्यासून 2011 मध्ये 193 जनुकांचं सूत्र मांडलं, तेव्हा असंच केलं.

ही काळजी का, तेही ऐका. 2007 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या गटानं याच रोगावर असा लेख लिहिला. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे तपासले. नमुने यंत्रावर ज्या खेपांत चढवले, त्या खेपांचाही आयुर्मानाशी संबंध दिसत होता. मग फरक गाठीचा की खेपेचा? ड्यूकच्याच आणखी एका लेखात तर जनुकांच्या यादीची एक ओळ सरकलेली निघाली. हजेरीपटावर एक ओळ सरकली, की प्रत्येकाचे गुण शेजाऱ्याच्या नावावर! दोन्ही लेख पुढे मागे घेतले गेले. पण तोवर अशा सूत्रांवरून खऱ्या रुग्णांची औषधं ठरवणाऱ्या चाचण्या सुरू झाल्या होत्या. त्या 2010 मध्ये बंद झाल्या.

आकड्यांच्या प्रत्येक ओळीमागे एक बाई असते, हे आम्हा संगणकवाल्यांनी विसरू नये.

आणि मैत्रिणींनो, लक्षणं नसताना हा रोग लवकर पकडणारी खात्रीची चाचणी अजून नाही. पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं, हे नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं तर 'गॅस असेल' म्हणून सोडू नका. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पुढच्या मेळाव्याला आपण सगळ्याजणी हजर असायला हव्यात.