धांड्याचा बैल



अलीकडे हस्तव्यवसायाच्या तासाला काही शाळांतून लव असलेली रंगीत तार दिसते. मूळची ती तंबाखू ओढण्याच्या पाइपची नळी साफ करण्यासाठी निघाली. दोन बारीक तारा पिळून त्यांत धाग्यांची लव पकडलेली असते. वाकवाल तशी ती राहते, म्हणून तिचे ससे, कुत्रे, हत्ती झटपट होतात. वस्तू चांगली आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण एका शाळेत मी पाहिले, तीन मुले हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. का, तर तारेसाठी घरून पैसे मिळाले नव्हते. आणि खिडकीबाहेर कडब्याची गंजी उभी!

आमच्या नामपूरकडे, मोसमच्या काठी, आम्ही लहानपणी धांड्याचे बैल करीत असू. कसे, ते सांगतो. ज्वारीचे किंवा मक्याचे चांगले वाळलेले धांडे घ्या. वरची साल उभी सोला. तिच्या पातळ काड्या करा. आत राहील तो मऊ गाभा. सालीची धार बोट कापते, तेव्हा सोलण्याचे काम मोठ्यांनीच करावे. चार बोटे लांब गाभा म्हणजे बैलाचे धड. सालीच्या चार काड्या खुपसल्या की पाय झाले. लहान तुकडा काडीने जोडला की डोके, दुसरा पाठीवर टोचला की वशिंड. शिंगांची काडी थोडा वेळ पाण्यात भिजवून हळूच वाकवा. शेपटीला सुताचा दोरा पुरे.

खरी मौज पुढेच आहे. मूल कान कुठे लावते, पाहा. पुष्कळदा ते शिंगांच्या वर लावते. चूक लगेच सुधारू नका. "जा, गोठ्यात जाऊन बघून ये," एवढेच म्हणा. बसताना बैल आधी पुढचे पाय मुडपतो, उठताना मात्र आधी मागचा भाग उचलतो. रोज बैल पाहणाऱ्या मुलालाही हे सांगता येईलच असे नाही. बसलेला बैल करायला घेतला, की ते त्याला पाहावेच लागते. हात कामाला लागला की डोळा उघडतो, तो असा.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणाचे साधन केले. शाळा गरीब म्हणून शिक्षणही गरीब, हे त्यांनी मानले नाही.

पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नसतो, ते मातीच्या बैलाची पूजा करतात. तिथे कोणी कमी ठरत नाही. वर्गातही तसेच व्हावे. तार असेल त्याने तारेचा करावा, नसेल त्याने धांड्याचा. पण हात मांडीवर ठेवून एकही मूल बसता कामा नये. एवढे पाहाल ना?