माझ्या अंगणातले चार काळे डबे
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतलं काहीतरी सांग' असं म्हटलंय. डॉलर, बर्फ आणि कोथिंबिरीचे भाव यांवर मागच्या मेळाव्यात बोलून झालं. आज मांजराबद्दल बोलते. आत्ता मागून कोणीतरी 'म्याव' केलं, आवाज ओळखीचा आहे. चाळीस वर्षांत सुधारणा नाही.

साउथ कॅरोलायनात चार्ल्सटन शहरापासून तासाभरावर कियावा नावाचं बेट आहे. सोळा किलोमीटरचा समुद्रकिनारा, मागे खाडी, खाऱ्या पाण्यातलं उंच गवत, ओकची झाडं, आणि त्या झाडीत लपलेली घरं. तिथे आमचं एक छोटं घर आहे. भरतीच्या वेळी खाडीकडे पाहिलं की आपली सातवीची सहल आठवते, फक्त सुक्या मासळीचा वास नसतो.

या बेटावर बॉबकॅट राहतात. बॉबकॅट म्हणजे लिंक्सच्या कुळातलं रानटी मांजर. आपल्या घरच्या बोक्याच्या दुप्पट, अंगावर ठिपके, शेपूट मात्र कापल्यासारखी आखूड. माणसाच्या वाटेला जात नाही. उंदीर, ससे खातं, आणि उन्हाळ्यात हरणांची पाडसं. त्यामुळे बेटावरची हरणं आटोक्यात राहतात, नाहीतर बागाही उरणार नाहीत आणि गाड्याही.

२००७ पासून तिथल्या गावाचे जीवशास्त्रज्ञ दर हिवाळ्यात काही बॉबकॅट पिंजऱ्यात पकडून, गुंगी देऊन, त्यांच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधतात. कॉलर काही महिने जागा नोंदवते आणि ठरल्या वेळी आपोआप गळून पडते. आपल्याकडे विद्या अत्रेय यांनी 'आजोबा' बिबट्याला अशीच कॉलर लावली होती, २००९ मध्ये. तो माळशेज घाटातून मुंबईपर्यंत सुमारे १२० किलोमीटर चालत गेला, सिनेमाही निघाला. बेटावरच्या मांजरांना एवढं कुठे जायचं? ती घरांच्या मधूनच फिरतात. वसंतात एखाद्या मादीचे ठिपके नकाशावर एकाच जागी गोळा होऊ लागले, की समजायचं, पिल्लं झाली.

हे नकाशे लोकांना पाहायला मिळतात. एका वर्षी एका मादीचे ठिपके थेट आमच्या मागच्या झुडपांत दिसले. मी तिचं नाव 'मनी' ठेवलं आणि नकाशा छापून फ्रिजवर लावला. आल्यागेल्याला दाखवायचे, जशी काही मीच पाळली होती!

मग वाईट बातम्या येऊ लागल्या. बेटावर पूर्वी तीस-पस्तीस बॉबकॅट असायचे, ते २०२० च्या सुमारास दहाच्या आसपास राहिले. कॉलर होत्या म्हणून मेलेली जनावरं वेळेत सापडली आणि तपासता आली. नाहीतर झुडपात कोण शोधणार? एक मादी पिल्लाला जन्म देताना रक्तस्राव होऊन गेली. तपासणीत सापडलं उंदरांचं औषध. रक्त गोठू न देणारं.

आता मी काय काम करते ते तुम्हाला माहीत आहे. मी फार्मासिस्ट. हृदयाच्या रुग्णांना वॉरफॅरिन देते, रक्त किती पातळ झालंय ते बघते, पालेभाजी किती खाता ते विचारते. इथेही बऱ्याच जणांच्या खिशात ती गोळी असेल. या औषधाचा जन्मच जनावरांतून झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात कुजलेलं क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती, त्या गवतातल्या द्रव्यावरून वॉरफॅरिन बनलं. आधी उंदरांसाठी, मग माणसांसाठी. पुढे उंदीर त्याला सरावले, म्हणून त्याच जातीची जास्त कडक औषधं आली. एकदा खाल्लं तरी पुरतं. पण उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस तो आणखी खात राहतो, मग सुस्तावतो, आणि सुस्त उंदीर मांजराला सहज मिळतो. मांजराच्या यकृतात ते औषध महिनोन् महिने साठून राहतं.

हे सगळं मला पाठ होतं. आणि माझ्या भिंतीला लागून चार काळे डबे होते. पेस्ट कंट्रोलवाले दर महिन्याला यायचे, मी बिल भरायचे. डब्यात काय आहे हे मी एकदाही वाचलं नव्हतं. प्रयोगशाळेत सर सांगायचे, लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. सर, त्या दिवशी अंगणात उकिडवी बसून मी लेबल वाचलं.

फोन केला, तर समोरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, कुत्रं-मांजर या डब्यात शिरूच शकत नाही." खरंच होतं त्याचं. पण उंदीर बाहेर येतो ना!

डबे काढले. पहिला हिवाळा वाईट गेला. माळ्यावर रात्रभर खुडखुड, एकदा वायर कुरतडली. घरातून टोमणे ऐकले. मग भोकांना जाळ्या ठोकल्या, चाप लावले. गावाच्या हाती बंदी नव्हती, तो अधिकार राज्याचा, म्हणून गावाने घराघराला हे औषध न वापरण्याची विनंती केली. मीही आमच्या गल्लीत लेबल घेऊन फिरले. दोघांनी दार लावून घेतलं. शेजारच्या आजोबांना मात्र समजावावं लागलं नाही. त्यांनी खिशातून आपली वॉरफॅरिनची डबी काढली, लेबलाशेजारी धरली आणि म्हणाले, "हेच?" दुसऱ्या दिवशी त्यांचे डबे गेले.

पुढच्या वर्षांत बेटावर पिल्लं दिसू लागली. मनी त्या मेलेल्यांत होती की नाही, हे मी कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

काल आपल्या एका वर्गमित्राच्या कृषी सेवा केंद्रात चहाला गेले होते. फळीवर ब्रोमॅडिओलोनच्या वड्या दिसल्या. तेही त्याच कुळातलं औषध. मी त्याला हे सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुझ्या घराला जाळी लागली. पाच एकर भुईमुगाला कुठली जाळी लावू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ता जेवायला त्याच्याच शेजारी बसणार आहे. शास्त्राचे सर, तुम्हीही आमच्या पंगतीला या.